नरवडेच्या आधी मंगळावर

माणसानं मंगळावर राहायला जावं असं माझं मत कधीच नव्हतं. पिशोर सोडून औरंगाबादला सिडकोत राहायला आलो, तेव्हाच आपण पुरेसे लांब आलो अशी माझी समजूत झाली होती. मला फक्त सूर्यभान नरवडेच्या आधी तिथं पोहोचायचं होतं. नरवडे नसता तर मी आयुष्यभर पृथ्वीवरच समाधानानं राहिलो असतो.

नरवडे माझा शेजारी. आमची घरं जुळी. मधली भिंत एक, वरची गच्चीही एकच, आणि गच्चीच्या मधोमध कमरेएवढा कठडा. मी पिशोरचा, तो पाचोडचा. दोघंही चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात होतो. आमचा कारखाना स्कूटरचे सुटे भाग करायचा, आणि वाळूजला मोठमोठे कारखाने यायला लागल्यापासून आम्हाला शिंकायला फुरसत नव्हती. नरवडे मेंटेनन्सला इंजिनिअर, मी स्टोअरला सुपरवायझर. म्हणजे मशीन बंद पडलं की तो मोठा होणार आणि नटबोल्ट कमी पडले की मी लहान होणार, अशी वाटणी विधात्यानंच करून ठेवलेली.

त्याची स्कूटर पहिल्या किकला सुरू व्हायची. माझी सुरू होईपर्यंत गल्लीतली सगळी मंडळी दारात येऊन उभी राहायची आणि सूचना करायची. मी भिंतीत खिळा मारला की पोपडा पडायचा. त्यानं पलीकडून त्याच भिंतीत मारला की खिळा शहाण्यासारखा आत जायचा, आणि पोपडा तरीही माझ्याकडंच पडायचा. हे सगळं मी सहन केलं असतं. पण तो स्वभावानं चांगला होता. पोपडा पडला की स्वतः सिमेंट घेऊन यायचा, बुजवून द्यायचा, वर "कारभारीराव, तुमच्या भिंतीचा रंग लई छान आहे" म्हणून जायचा. अशा माणसाचा राग करायला फार शक्ती लागते. मी ती लावली.

एके दिवशी सत्यभामा, म्हणजे आमची मंडळी, नरवड्यांकडून साखर घेऊन आली आणि ओट्यावर वाटी आपटून म्हणाली,

"अहो, भाऊजी मंगळावर वसाहत करतायत."

"कोण भाऊजी?"

"नरवडेभाऊजी. लीलावहिनी सांगत होत्या. पुण्याच्या कुठल्या मंडळानं स्पर्धा काढलीय. दुसऱ्या ग्रहावर माणसांनी कसं राहायचं, काय खायचं, पाणी कुठून आणायचं, सगळं आपलं आपण. पृथ्वीवरून काही मागवायचं नाही."

"साखरसुद्धा नाही?"

"साखर मी मागितली, त्यांनी नाही," असं म्हणून ती चहाला लागली.

मी पेपर तोंडापुढं धरला, पण वाचलं काहीच नाही. नरवडे उद्या मंगळावर जाणार, त्याचा फोटो छापून येणार, कारखान्यात साहेब त्याला खुर्ची देणार, आणि मी स्टोअरच्या खिडकीतून वॉशर मोजत बसणार. मीही अर्ज करायचा ठरवला.

मंगळ नरवडेनं घेतलेला. उष्ट्या ग्रहावर जाण्यात मला कमीपणा वाटला, म्हणून मी शुक्र निवडला. शुक्र दिसायलाही चांगला, आणि जवळही. मग वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की शुक्रावर शिसं वितळेल इतकं ऊन असतं आणि आभाळात तेजाबाचे ढग आहेत.

"आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली राहत्यातच की माणसं," सत्यभामा म्हणाली. पण ते तेजाबाचं तिलाही पटेना. तिला वाळवणं कुठं घालायची हा प्रश्न पडला.

मग मी गुरू घेतला. एवढा मोठा ग्रह नरवडेच्या नाकावर टिच्चून. तेव्हा आमच्या गल्लीतले पुंजारामअण्णा मध्ये पडले. अण्णा निवृत्त तलाठी. गल्लीत कुणी कुंडी सरकवली तरी हद्द विचारायचे. पुस्तक चाळून ते म्हणाले, "कारभारी, ह्या गुरूला जमीनच नाही. नुसता वायू. मोजणी कशाची करायची? चुन्याची फकी टाकली तर खाली कुठवर जाईल?"

मंगळाला मात्र त्यांनी मान्यता दिली. "जमीन आहे, लाल आहे, मुरमाड दिसती. पण सातबारा कुणाच्या नावावर? आणि घरं बांधायची तर आधी ती अकृषिक करून घ्यावी लागंल. फुकट नंतर वसाहत पाडायची वेळ यायला नको." अण्णांच्या मंडळींनी आणखी एक सल्ला दिला. मंगळ फार कडक असतो, जायच्या आधी शांत करून घ्या.

शेवटी तोंड पाडून मी मंगळावरच आलो. ही बातमी नरवडेला कळणार हे उघड होतं. संध्याकाळी तो कठड्याशी आला आणि मनापासून म्हणाला, "या की कारभारीराव! मंगळ काय माझ्या एकट्याचा आहे का?"

आता याला काय उत्तर द्यायचं! दुसऱ्याच्या ग्रहावर भाडेकरू म्हणून राहायला आल्यासारखं मला झालं.

स्पर्धेला नुसता कागदावरचा आराखडा चालणार नव्हता. लहानसा चालता नमुना करायचा, त्यात सांडपाणी पुन्हा वापरायचं, खाणं उगवायचं, आणि परीक्षक पाहायला यायच्या आधी आठवडाभर घरच्यांनी त्यावरच राहायचं, अशी अट होती. जागा म्हणजे गच्ची. कारखान्यात मशिनरी ज्या लाकडी खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या मी साहेबांना विचारून आणल्या. कठड्यापलीकडं पाहिलं तर नरवडेही साहेबांना विचारून फळ्याच घेऊन आला होता. त्याच्या फळ्या सरळ होत्या.

त्यानं कुठून तरी जुना छोटा पंप मिळवला आणि न्हाणीचं पाणी वाळू-कोळशातून गाळून वाफ्यात सोडलं. ते दिवसभर झुळझुळ वाजायचं. त्याच्या वाफ्यात पालक तरारला. मी पंप लावला नाही, कारण त्यानं लावला होता. मी पाणी उतारावरून सोडलं. उतार आमच्या जिन्याकडं होता. लीलावहिनी हळदीकुंकवाला आमच्याकडं आल्या त्या दिवशी मंगळावरचं सगळं पाणी त्यांच्या साडीला भेटून गेलं.

प्राणवायूचा प्रश्न राहिला होता. पुस्तकात म्हटलं होतं की झाडं आपल्याला प्राणवायू देतात आणि आपण झाडांना आपली खराब हवा देतो. व्यवहार सरळ होता. मी फळ्यांच्या चौकटीवर जाड प्लास्टिक चढवलं, फटी चिखलानं बुजवल्या, आत मेथीच्या कुंड्या मांडल्या आणि मध्ये पाट टाकून बसलो. मेथीनं आपलं काम करावं, मी माझं. थोड्या वेळात अंगातून घाम निथळायला लागला. मग डोळ्यांपुढं ठिणग्या दिसल्या. मला वाटलं, प्राणवायू जास्त झाला.

पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा प्लास्टिक उभं फाडलेलं होतं, नरवडेच्या हातात विळा होता आणि तो मला पुठ्ठ्यानं वारा घालत होता. गल्लीतली अर्धी माणसं गच्चीवर, उरलेली जिन्यात.

"वेळेवर दिसलात," तो म्हणाला. "मी सहज कठड्याशी आलो तर तुमची मान कलंडलेली."

त्यानं माझा जीव वाचवला होता. ह्या गोष्टीसाठी मी त्याला कधी माफ करीन असं त्या क्षणी मला वाटलं नाही. सत्यभामा रडत होती, आणि रडता रडता लीलावहिनींना सांगत होती, "भाऊजी नसते तर!" महिनाभर ती तेच सांगत राहिली. दूधवाल्यालासुद्धा.

मग शेळी. वसाहतीला दूध हवं, आणि नरवडेनं जनावराचा विचार केला नव्हता, म्हणून मी पिशोरहून एस.टी.नं शेळी आणली. कंडक्टरनं तिचं तिकीट फाडलं आणि वर, ही कुठं उतरणार, असं विचारलं. "मंगळावर," मी म्हणालो. तो म्हणाला, "सिडको चौक म्हणा." शेळीनं पहिल्याच दिवशी कठडा ओलांडला आणि नरवडेचा सगळा पालक मुळापर्यंत खाल्ला. मला मनातून असा आनंद झाला की तो लपवायला मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. नरवडे आला, त्यानं रिकामा वाफा पाहिला, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

"जनावराला आवडला म्हणजे पालक चांगला आला होता म्हणायचा," तो म्हणाला. आणि पुन्हा बी टाकलं. माझ्या आनंदाचं त्यानं तिथल्या तिथं मातेरं केलं.

सिडकोच्या कचेरीतून एक साहेब पाहणीला आला तो याच सुमारास. गच्चीवर बांधकाम चालू असल्याची तक्रार आली म्हणाला. कुणी केली ते सांगेना. मला नरवडेचा संशय आला. पण साहेब नरवडेच्याही गच्चीची पाहणी करून आला होता.

"हे काय आहे?"

"मंगळावरची मानवी वसाहत."

"निवासी की व्यापारी?"

"निवासीच म्हणा."

"मग शेळी कशाला? निवासीत जनावर चालत नाही." त्यानं चौकटीला हात लावून पाहिला. "नरवडेसाहेबांचं काम मात्र पक्कं आहे. तुमचं पडेल. पडणारं बांधकाम तात्पुरतं धरतात. तुम्हाला परवानगी लागणार नाही."

अशा रीतीनं माझी परवानगी वाचली आणि इज्जत गेली. नरवडेला मात्र कचेरीत चार चकरा माराव्या लागल्या, एवढंच समाधान.

आता कचरू साळवेबद्दल सांगितलं पाहिजे. कचरू आमच्या कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला. शिकलेला, बोलायला धारदार, आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत पहिल्यापासून. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं ही मागणी जुनी होती. त्यावरून मराठवाड्यात घरं जळाली होती, माणसं गेली होती, आणि प्रश्न तसाच पेटता होता. कचरू मोर्चाला गेला की त्याची रजा मांडली जायची, आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसून शांतपणे डबा खायचा. त्याचा हात ड्रॉइंगला इतका सफाईदार होता की माझा नकाशा त्यानं एकदा पाहावा अशी माझी इच्छा होती. रविवारी तो आला. आला तो नरवडेकडून चहा घेऊन. मी ते त्याच्या तोंडाच्या वासावरून ओळखलं. नरवडेकडं वेलदोडा घालतात.

त्यानं नकाशा जमिनीवर पसरला. मध्ये काचेचा मोठा घुमट, त्यात घरं, शाळा, देऊळ, चावडी, खेळायचं मैदान. बघता बघता त्याचं बोट कडेला गेलं.

"ही घरं कुणाची?"

"सफाईवाल्यांची. मैला-पाण्याचं यंत्र तिथं आहे ना, जवळ पडावं म्हणून."

"घुमटाच्या बाहेर?"

"म्हणजे गावात असंच..." एवढं बोलून मी थांबलो. मी खरंच काही ठरवून काढलं नव्हतं. आमच्या गावाचा आकार हाताला पाठ होता, तो उतरला होता.

"बाहेर हवा नाही, कारभारी," कचरू म्हणाला. "गावात निदान हवा तरी मिळायची."

मी खोडरबर शोधायला लागलो. घरात असते ती वस्तू अशा वेळी कधी सापडली आहे? सत्यभामा चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"खोडू नका," कचरू म्हणाला. "घरं राहू द्या. घुमट मोठा करा." त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि एका झटक्यात सगळ्यांना आत घेणारी गोल रेघ मारली. मला आयुष्यात इतकी गोल रेघ मारता आलेली नाही.

मी हळूच विचारलं, "नरवडेच्या नकाशात काय आहे?"

"त्यांच्यात आमची घरंच नाहीत. सगळे इंजिनिअर. झाडायचं कुणी ते त्यांनी ठरवलेलं नाही."

मला बरं वाटलं. बरं वाटायची ती जागा नव्हती हे मला कळत होतं, पण वाटलं. कचरूला ते दिसलं असावं. जाताना त्यानं विचारलं, "नाव काय ठेवलंय वसाहतीचं?"

नाव अजून ठरलं नव्हतं. त्यावरून पुंजारामअण्णांच्या ओट्यावर दोन संध्याकाळी बैठक होऊन मोडली होती. अण्णांना त्यांच्या वडिलांचं नाव हवं होतं, मला आमच्या ग्रामदैवताचं, आणि तिसऱ्या बाजूनं कुणीतरी 'नरवडेनगर' असं सुचवल्यावर मी सभा सोडून आलो होतो. मी हे कचरूला सांगितलं.

"जिथं कुणीच राहत नाही तिथल्या नावासाठी तुम्ही दोन संध्याकाळी भांडलात," तो चपला घालत म्हणाला, "आणि आम्हाला वरून विचारता की नावात काय ठेवलंय?"

तो हसतच गेला. मी मात्र बराच वेळ दारात उभा राहिलो. मग मनात आलं, नरवडेकडं त्याला चहाबरोबर काय दिलं असेल?

परीक्षक संक्रांतीनंतर येणार असं कळलं. माझी निवड झाल्याचं पोस्टमननं ओरडून सांगितलं तेव्हा मी धावत रस्त्यावर आलो, तर तो पुढच्या दारात नरवडेचं अभिनंदन करत होता. असो. शेवटच्या आठवड्याची दोन्ही घरांनी जंगी तयारी केली. सुरुवातीचं पाणी पृथ्वीवरून नेता येईल, असा नियमातला एक आधार मला सापडला होता. मी कारखान्यांतून आलेली निळी प्लास्टिकची पिंपं धुऊन नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरली आणि गच्चीवर रचली. नरवडेनं माझं पाहून एक पिंप जास्त भरलं. ते पाहून मी आणखी एक. गच्ची खाली येते की काय, असं अण्णा रोज विचारून जायचे.

आठवडा सुरू झाला. दूधवाला बंद, भाजीवाला बंद, नळाला हात लावायचा नाही. मेथी, शेळीचं दूध आणि सत्यभामेचा अबोला, एवढ्यावर आमचा मंगळ सुरू होता. पलीकडं नरवडेचं झुळझुळ चालू. तेवढ्यात शहरात नामांतराचा मोर्चा निघाला, त्याविरुद्ध बंद पुकारला गेला, कुठं दगड पडले, आणि संचारबंदी लागली. त्यातच पैठणकडून पाणी आणणारी मोठी पाइपलाइन कुठंतरी फुटली. दुरुस्तीची माणसं संचारबंदीत जायची कशी? टँकर यायचे कसे? पहिला दिवस लोकांनी साठवणीवर काढला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात दिसायला लागल्या. पोलिसांची गाडी फिरून गेली की इकडून तिकडं पळायच्या.

नरवडे दोन्ही हात कठड्यावर टेकून खाली बघत होता. मी माझ्या पिंपांकडं बघत होतो. एवढ्यात त्यानं खाली हाक मारली, "लीला, सगळ्यांना वर बोलव. घागरी घेऊन."

गल्ली वर आली. नरवडे स्वतः पिंपातून पाणी काढून देत होता. "देवमाणूस," कुणीतरी म्हणालं. "मंगळ सोडला, पण माणसं नाही सोडली." मी ऐकत होतो. माझ्या पिंपांत पाणी होतं आणि पोटात आग. ह्या माणसानं त्यागसुद्धा माझ्या आधी करावा?

तेवढ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या चार-पाच बाया मागच्या बोळातून आल्या. पुढं पारूबाई होती. तिला आम्ही ओळखत होतो, ती कारखान्याच्या कँटीनला कामाला होती. तिची लेक बाळंतपणाला आलेली.

"साहेब, घरात बाळंतीण आहे," ती जिन्यातून म्हणाली. "लेकरू कालचं. थेंब नाय पाण्याचा."

पुंजारामअण्णा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी आडवा हात केला. "हे वसाहतीचं पाणी आहे. आधी वसाहतीतल्यांचं होऊ द्या. मग उरलं तर तुमची वेगळी रांग लावू."

 मी नरवडेकडं पाहिलं. त्याच्या हातात तांब्या होता आणि तो खाली बघत होता. त्याला भांडण नको असायचं, कधीच. तो घुटमळला. अण्णांकडं पाहिलं, पारूबाईकडं पाहिलं, पुन्हा तांब्याकडं पाहिलं.

नरवडे कमी पडला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांदेखत! माझ्या अंगात जे शिरलं त्याला दया म्हणायची माझी तयारी नाही. मी सरळ गर्दीतून वाट काढत जिन्याशी गेलो, अण्णांचा हात बाजूला केला आणि मोठ्यानं, नरवडेला नीट ऐकू जाईल असं म्हणालो,

"पारूबाई, इकडं या. ह्या कठड्याच्या अलीकडं रांग एकच आहे. आधी बाळंतिणीची घागर."

"कारभारी, परीक्षक येणार आहेत तुझे!" अण्णा ओरडले.

"येऊ द्या!"

मी पिंपाचं झाकण काढलं. सत्यभामा कधी शेजारी आली कळलं नाही. तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि भराभर घागरी भरायला लागली. अबोला आपोआप सुटला. "झाकण नीट धरा, सांडतंय," ती म्हणाली. आठवड्यातलं ते तिचं पहिलं वाक्य. कठड्यापलीकडं नरवडेचा चेहरा तांबडा झाला होता. त्याला लागलं. त्यानं पंप बंद केला, वाफ्याच्या टाकीतलं राखलेलं पाणीही उपसायला काढलं आणि वस्तीतल्या बायांना आपल्याकडं हाका मारायला लागला. "इकडं या, इकडं गर्दी कमी आहे!" मी म्हणालो, "इकडं पाणी गार आहे!" लोकांना काय चाललंय ते कळेना. दोन्हीकडची पिंपं आम्ही अशी रिकामी करत होतो जणू त्यांना आग लागलीय. मेथीच्या वाफ्याला ठेवलेलं पाणीसुद्धा गेलं. पारूबाईची घागर तीनदा वर आली आणि तीनदा भरून गेली.

संचारबंदी उठली त्या दिवशी कचरू आला. मोर्चात त्याच्या खांद्याला लाठी बसली होती, हात गळ्यात बांधलेला. त्यानं माझी कोरडी गच्ची पाहिली, वाळलेली मेथी पाहिली. पारूबाई त्याची आत्या लागायची हे मला तेव्हा कळलं.  डाव्या हातानं शेळीला खाजवत थोडा वेळ बसला, आणि नरवडेकडं न जाता घरी गेला. ही गोष्ट मी नीट लक्षात ठेवली आहे.

परीक्षक आले. एक प्राध्यापिका बाई आणि एक टक्कल असलेले गृहस्थ. दोघांनी दोन्ही मंगळ पाहिले. एकीकडं पडकी चौकट आणि शेळी, दुसरीकडं भक्कम चौकट आणि वाळलेला पालक.

"पाणी कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"वाटलं," नरवडे म्हणाला. आणि मग त्यानं ते केलं. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "वस्तीतल्यांना पहिलं पाणी ह्यांनी दिलं. मी मागं राहिलो होतो."

मी तिथं उभा, आणि माझ्या हातातला एकमेव विजय तो स्वतः मला बक्षीस म्हणून देत होता! मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "बाई, गल्लीला पाणी ह्यांनीच आधी दिलं. मी नुसता जळत बसलो होतो."

"नाही, ह्यांनी!"

"नाही, त्यांनी!"

बाई गोंधळल्या. टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "कुणीही दिलं असो, वसाहत तर बंद पडली. नियमात हे बसत नाही." बाईंना ते पटलं असं दिसलं नाही. जाताना त्यांनी शेळीकडं पाहून स्मित केलं.

पहिलं बक्षीस फर्दापूरच्या एका शिक्षिकेला मिळालं. फोटो छापून आला. काचेच्या हंडीत शेवाळ आणि दोन मासे. मी पेपर घेऊन गच्चीवर गेलो तर नरवडेही पेपर घेऊन कठड्याशी आलेला.

"मासे!" मी म्हणालो.

"हंडीत कोणीही करील," तो म्हणाला. "माणसं ठेवून दाखवावं म्हणावं."

"फोटो बघा. हंडी नवीकोरी दिसतेय. आठवडाभर चालवलेली वाटत नाही."

"मासेसुद्धा ताजे वाटतायत."

त्या संध्याकाळी आम्ही त्या बाईला इतकं घालूनपाडून बोललो की अंधार पडला ते कळलं नाही. इतकी वर्षं शेजारी राहून आमचं पहिल्यांदा एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं. लीलावहिनींनी दोन कप कठड्यावर आणून ठेवले. वेलदोडा होता.

"खरं सांगू का कारभारीराव," नरवडे एकदम म्हणाला, "ह्या स्पर्धेच्या भानगडीत मी पडलोच नसतो. लीला म्हणाली, शेजारचे भाऊजी चार दिवस गालाला हात लावून विचार करत बसलेत, कुणाशी बोलत नाहीत, सत्यभामावहिनी म्हणतात डोक्यात काहीतरी मोठं चाललंय. मला चैनच पडेना. हा आपल्या आधी काहीतरी करणार. म्हणून मी घाईघाईनं मंगळ काढला."

ते चार दिवस माझी अक्कलदाढ ठणकत होती. मी ते त्याला सांगितलं नाही.

"म्हणजे," मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "तुम्हाला माझा हेवा वाटतो?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

माझ्या कानात काहीतरी गोड वाजायला लागलं. मी कप खाली ठेवला. "कशाचा?"

नरवडेनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या घराकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "ते नाही सांगायचं." आणि कप घेऊन खाली गेला.

तेव्हापासून मी घरातली एकेक वस्तू उचलून बघतो. शिलाई मशीन, रेडिओ, पितळी घंगाळ. सत्यभामेकडं बघतो तेव्हा ती म्हणते, "काय झालं?" शेळीकडंही बघून झालं. आरशासमोर उभा राहिलो, बाजूनं पाहिलं. काहीच सापडत नाही. पण असणार. नरवडेसारखा माणूस उगीच बोलत नाही.